मदत हवी आहे: आईचा फ्रोजन शोल्डर, मशीनचा शेक पुरेसा आहे की व्यायाम?

नमस्कार मंडळी,

आई तासगावला असते, मी पुण्यात. तिचं वय ५८. मधुमेह जुना आहे, गोळ्या चालू आहेत. दिवाळीच्या सुमारास डावा खांदा दुखायला लागला. फराळाच्या कामाने हात भरून आला असेल म्हणून तेल, शेक सगळं झालं. संक्रांतीपर्यंत हात वर जाईनासा झाला. आता वेणी घालता येत नाही. ब्लाउज घालताना आधी दुखऱ्या हाताची बाही चढवावी लागते. फळीवरचे डबे एकेक करत ओट्यावर आलेत. ती कुरकुर करत नाही, पण रात्री त्या कुशीवर वळली की कळ येते आणि उठून बसते. मला तेच सहन होत नाही.

मिरजेच्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी एक्स-रे काढला. हाडं ठीक आहेत, फ्रोजन शोल्डर आहे म्हणाले. गोळ्या दिल्या आणि फिजिओथेरपी सुरू करायला सांगितली. जिथे ती जाते तिथे शेक देतात, करंटचं मशीन लावतात आणि 'घरी हात हलवत राहा' म्हणून पाठवतात. कसा हलवायचा, किती, हे कुणी सांगत नाही. मशीन लावल्यावर बरं वाटतं, संध्याकाळी पुन्हा तेच.

मामाचं म्हणणं, हाडवैद्याकडे ने, एका झटक्यात मोकळा करेल. शेजारच्या काकू म्हणतात, हात अजिबात हलवू नको. मला एवढंच कळून घ्यायचंय की नेमका कोणता व्यायाम करायचा, आणि किती दुखेपर्यंत करायचा? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १
ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. सर्वांत आधी, झटका देऊन घेऊ नका. आखडलेला सांधा जोरात ओढला तर स्नायूबंध (स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा) फाटू शकतो, हाडसुद्धा मोडू शकतं. भूल देऊन सांधा मोकळा करण्याची पद्धत आहे, पण ती ऑपरेशन थिएटरमध्ये, ऑर्थोपेडिक सर्जनच्या हातून आणि इतर उपायांनी फरक पडला नाही तरच.

खांद्याच्या सांध्याभोवती एक सैलसर आवरण असतं. या आजारात ते सुजतं, मग जाड होऊन आकसतं. म्हणून आईंनी स्वतः हात उचलला तरी अडतो आणि तुम्ही उचलून दिलात तरी जवळपास तिथेच अडतो. स्नायूबंध फाटलेला असेल तर स्वतःहून हात जात नाही, पण दुसऱ्याने उचलला तर बहुधा जातो. आणखी एक खूण बघा. कोपर बरगडीला चिकटवून काटकोनात वाकवायचं आणि पंजा बाहेरच्या बाजूला न्यायचा. दोन्ही हातांत फरक लगेच दिसेल. फ्रोजन शोल्डरमध्ये सहसा हीच हालचाल सर्वांत जास्त अडते. ४० ते ६० या वयात, त्यातही बायकांमध्ये, हा त्रास जास्त दिसतो. मधुमेह असला की शक्यता वाढते आणि बरं व्हायलाही वेळ लागतो, त्यामुळे तीन महिन्यांची सरासरी साखर तपासून घ्या. थायरॉईडही.

मशीनने दुखणं तेवढ्यापुरतं दबतं. आकसलेलं आवरण सैल करायचं काम हालचालीचं आहे. पुढच्या वेळी तिथे विचारा, आज हात किती अंशांपर्यंत गेला? चांगला फिजिओ कोन मोजून लिहून ठेवतो. मोजत नसतील, व्यायाम समोर करून घेत नसतील, तर जागा बदला. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी राज्य परिषदेकडे असते, तो क्रमांक विचारायला संकोच करू नका.

सध्या रात्रीचं दुखणं आहे, म्हणजे जोर लावायची ही वेळ नव्हे. चांगला हात टेबलावर टेकवून थोडं वाकायचं, दुखरा हात सैल सोडायचा आणि कमरेपासून अंग हलवायचं. हात आपोआप झुलला पाहिजे, खांद्याने झुलवायचा नाही. दुसरा व्यायाम काठीचा. उताणं झोपून, दोन्ही कोपरं बरगडीजवळ काटकोनात, हातात आडवी काठी. चांगल्या हाताने काठी ढकलून दुखरा पंजा हळूहळू बाहेर न्यायचा, ओढ जाणवली की थांबायचं, परत आणायचं. दिवसातून एकदाच खूप करण्यापेक्षा थोडं थोडं चार-पाच वेळा.

किती दुखेपर्यंत? ओढ बसावी, कळ येऊ नये. नंतरचा ठणका अर्ध्या तासात उतरला तर प्रमाण बरोबर. त्या रात्री झोप मोडली तर दुसऱ्या दिवशी कमी करा. काकूंचा सल्ला मात्र ऐकू नका, हात बांधून ठेवला तर आणखी आखडेल.

प्रतिसाद २
माझ्या आईला डॉक्टरांनी सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं होतं. रात्रीची कळ कमी झाली, मग व्यायाम करता यायला लागला. मात्र नंतर काही दिवस साखर वाढलेली होती. तुमच्या आईंना मधुमेह आहे, डॉक्टरांना आधीच विचारा.

प्रतिसाद ३
झोपताना दुखऱ्या हाताखाली उशी द्या, कोपर मागे लोंबकळू देऊ नका. आमच्याकडे त्याने फार फरक पडला. आणि मधुमेहात पायांसारखी हातांनाही बधिरता असू शकते, शेकाची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळूनच.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. मामाला समजावलं. काल व्हिडिओ कॉलवर आईकडून काठीचा व्यायाम करून घेतला. पंजा बाहेर नेताना कोपर बरगडीपासून सुटतंय आणि खांदा कानाकडे चढतोय. असं चालेल का? आणि दाराला लावायची पुली आणू का? किती महिने लागतील?

प्रतिसाद १
असं केलं तर हालचाल दुसरीकडूनच होते, आवरणाला ओढ बसत नाही. कोपर आणि बरगडीच्या मध्ये टॉवेलची घडी ठेवा. कोपर सुटलं की घडी निसटेल, आईंना स्वतःलाच कळेल. काठी कमी अंतर गेली तरी चालेल. पुली आत्ता नको, रात्रीची कळ कमी झाली की आणा. काळाचं म्हणाल तर एक ते तीन वर्षं लागू शकतात, हे आईंना आजच सांगून ठेवा. मात्र हाताला मुंग्या, बोटांत अशक्तपणा, ताप, किंवा चालताना छातीत दाब आणि घाम असं काही दिसलं, तर व्यायाम बाजूला ठेवून थेट डॉक्टरकडे. छातीचं असेल तर तासभरही थांबू नका.