मदत हवी आहे: प्रोमोटर न्यूरॉनचा, मग लाळग्रंथी का चमकतायत??

नमस्कार मंडळी, एमएस्सीचा प्रोजेक्ट फळमाशीवर करतेय आणि तीन दिवस डोकं धरून बसलेय. आमच्याकडे इलाव-गाल४ च्या माश्या आहेत, म्हणजे इलाव जीन न्यूरॉन्समध्ये (मज्जापेशींत) चालतो, म्हणून त्याच्या प्रोमोटरच्या (जीन चालू करणाऱ्या डीएनएच्या तुकड्याच्या) जोरावर गाल४ हे यीस्टचं प्रथिन तिथेच बनणार आणि ते यूएएसला (जीएफपीच्या जीनआधी जोडलेल्या डीएनएच्या तुकड्याला) चिकटलं की जीएफपी, म्हणजे हिरवं चमकणारं प्रथिन, चालू होणार, असं व्हायव्हात मीच फाडफाड सांगितलंय. यूएएस-जीएफपीवाल्या माश्यांशी क्रॉस (संकर) लावला, अळ्या काचेवर चढायला लागल्या तशा दोन-चार काढून चिमट्याने उघडल्या, मेंदू मस्त हिरवा. पण लाळग्रंथी! मेंदूपेक्षा झगझगीत, एकेक पेशी मोजून घ्या. तिथे न्यूरॉन कुठून आले? सर म्हणाले, पेपर वाच. स्टॉकमध्ये भेसळ झाली असेल का? गुरुवारी प्रेझेंटेशन आहे हो.

प्रतिसाद १: अगं घाबरू नकोस, गाल४ वापरणाऱ्या सगळ्यांना या ग्रंथी कधी ना कधी छळतातच. प्रोमोटर पॉलिमरेजला (जीनवरून आरएनए बनवणाऱ्या एन्झाइमला) बसायला जागा देतो, पण जीन कुठल्या पेशीत आणि किती चालणार ते मुख्यतः एन्हान्सर (जीनला जोर देणारे डीएनएचे तुकडे) ठरवतात, आणि गाल४ जीनोममध्ये जिथे जाऊन बसलाय तिथले शेजारी त्यात नाक खुपसतात. वर कन्स्ट्रक्टमध्ये (माशीत घातलेल्या डीएनएमध्ये) बहुतेक वेळा एचएसपी७० या उष्णतेने चालू होणाऱ्या जीनचा छोटा प्रोमोटर असतो, त्याला लाळग्रंथीची खोड जुनीच. आधी नुसत्या यूएएस-जीएफपीच्या अळ्या बघ, गाल४ शिवाय. त्या चमकल्या तर गळती यूएएसकडून.

प्रतिसाद २: तापमान किती? गाल४ चा जोर १८ अंशांना कमी, २९ ला जास्त. २५ ला ठेवून बघ, आणि दर वेळी तेच ठेव नाहीतर आजची चमक उद्याशी ताडताच येणार नाही.

मूळ धागाकर्ती: थँक्यू थँक्यू! नुसत्या यूएएसवाल्या सहा अळ्या उघडल्या, सगळ्या ठार काळ्या, म्हणजे भानगड गाल४ च्या बाजूची. आणि इन्क्यूबेटर २५ ला लावलाय असं मी छातीठोकपणे सांगणार होते, आत थर्मामीटर ठेवला तर २८ :( नवा क्रॉस लावलाय, पण अळ्या मोठ्या व्हायला पाचेक दिवस आणि गुरुवार परवा. लाळग्रंथीचा फोटो स्लाइडवर तसाच टाकू ना, खाली कारण लिहून?

प्रतिसाद १: टाक. शेजारी त्या काळ्या अळीचाही टाक, त्याच एक्स्पोजरला काढलेला.