प्रति: सख्खे भाऊ, आडनावं वेगळी?

वर विचारलंय की क्युबेकमधल्या (कॅनडाचा फ्रेंचभाषक प्रांत) दोन सख्ख्या भावांपैकी एकाचं आडनाव उदों आणि दुसऱ्याचं बोल्यो कसं, तर रेकॉर्ड चुकलेलं असेलच असं नाही, तिकडे 'उदों दित बोल्यो' (दित म्हणजे 'ऊर्फ') अशी जोडनावं सर्रास असायची, पुढे कोणी एक धरलं कोणी दुसरं. सैनिकांची टोपणनावंही अशीच चिकटली, लाफ्लर, सांसूसी वगैरे. त्यात न्यू इंग्लंडच्या (अमेरिकेचा ईशान्य भाग) गिरण्यांत गेलेल्या काही ब्वावेरांचे, नावाचं सरळ इंग्रजी भाषांतर होऊन, ग्रीनवुड झाले, म्हणजे अजून घोळ! बायकांचं मात्र सोपं, चर्चच्या नोंदीत दफनापर्यंत माहेरचंच आडनाव. म्हणून आधी लग्नाची नोंद काढा, त्यात बहुतेक वेळा दोघांचेही आईवडील सापडतात, आईच्या माहेरच्या नावासकट. १८४९ पर्यंतच्या नोंदी माँट्रियल विद्यापीठाच्या पीआरडीएच या जुन्या चर्च-नोंदींच्या डेटाबेसमध्ये बघा, दोन्ही आडनावं टाकून.