परड्यातला गोल खड्डा म्हणजे बर्फघर असंल का?

हुक्केरीवाला:
आमच्या आजोळी हुक्केरीजवळ पडक्या वाड्याच्या परड्यात जमिनीखाली गोल खड्डा हाय, आतनं दगडी बांधकाम, वर तोंड बारीक. दाजी इंग्लंडात असतात, त्यांनी तिकडच्या जुन्या इस्टेटीतल्या आइस हाउसचा फोटो धाडला आणि म्हणाले बघ सेम टू सेम, तुमच्या देसायांनी पण बर्फ साठवला असणार. आता घरात सगळे तेच बोलूलाल्यात. कुणाला म्हायती हाय का?

कॅम्पातला:
दार कुठं हाय ते सांगा आधी. इंग्लंडातल्या बर्फघराला दार बाजूनं असतंय, शक्यतो उत्तरेला, मग बोळ आणि त्यात एकामागं एक दोन-तीन दारं, म्हणजे गरम हवा थेट आत शिरत नाही. खाली अंड्याच्या आकाराची विटांची विहीर, वर घुमट आणि त्यावर माती. तळाला मोरी तर पायजेच, पाणी साचलं की उरलेला बर्फ पण लवकर जातोय. थंडीत इस्टेटीतलं तळं गोठलं की बर्फ फोडून आणायचे, ठेचून ठासायचे, कडेनं पेंढा. नीट भरला तर वर्षभर टिकायचा.

घाटमाथा:
खरं आपल्याकडं तळं गोठतंय कधी ओ? साहेबलोकांचा बर्फ अमेरिकेहून यायचा. १८३३ साली टस्कनी नावाचं जहाज बोस्टनहून १८० टन घेऊन निघालं, चार महिन्यांनी कलकत्त्याला पोचलं तवा १०० टनाच्या आसपास शिल्लक. पुढं मुंबई-मद्रासला बर्फघरं झाली, मद्रासचं अजून उभं हाय, आता विवेकानंदर इल्लम म्हणतात त्याला. तो बर्फ मुंबईहून बैलगाडीनं हुक्केरीला आणला असता तर नुसता ओला भुसा उतरवला असता देसायांनी 😂

कॅम्पातला:
अलाहाबादकडं तळं न गोठता पण करत होते की. कोरड्या थंडीच्या रात्री गवतावर उथळ मातीची भांडी, त्यात पाणी, पहाटे बर्फाचा पापुद्रा. रॉबर्ट बार्करनं १७७५ ला लिहून ठेवलंय. खरं त्याला पण रात्र गोठायच्या जवळपास जावी लागते, म्हणून हुक्केरी बाद.

जुना निपाणीकर:
कशाला बोस्टन आणि अलाहाबाद करूलाल्यात, ते पेव असणार! जोंधळा साठवायचं. तळाला आणि कडेनं कडबा, मधी धान्य, वरनं दगड ठेवून मातीनं लिंपायचं, हवा बंद म्हणजे कीड नाही. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती तसलीच, २००५ च्या पुरात त्यातली बरीच गेली. पेवाला मोरी कधी नसते, ओल आली की माल गेलाच.

हुक्केरीवाला:
बाजूनं दार नाही, मोरी पण नाही, वरनंच तोंड आणि त्यावर फरशी. म्हणजे पेवच की काका. चुलतभाऊ रविवारी शिडी लावून उतरतो म्हणतोय, झाडून घेऊ.

जुना निपाणीकर:
उतरू देऊ नको बाबा! बंद पेवात घाण हवा साचते, माणूस आत गेला की गप्प पडतोय आणि काढायला गेलेला पण पडतोय. आमचे लोक आधी कंदील सोडायचे, विझला तर लांबनंच नमस्कार. आणि कंदील जळला म्हणून पण भरवसा नाही. फरशी काढून चांगलं मोकळं राहू दे, फोटो पायजे तर दोरीला मोबाइल बांधून सोडा.