मदत हवी आहे: डायव्हर्शनची धूळ केळीवर बसतेय
जळगाव जिल्ह्यातल्या यावल भागात रस्त्याचं काम चालू आहे. मुरुमाचं दीड किलोमीटर डायव्हर्शन, दोन्ही बाजूंना केळी. डंपर गेला की पानावर बोटाने नाव लिहावं एवढी धूळ.

टँकरने दिवसातून चारदा पाणी मारतो, पण 44 अंशांत तासाभरात पुन्हा कोरडं. जास्त मारलं तर खालची काळी माती वर येऊन नुसता चिखल. डंपरचा वेग 20 वर आणला, थोडाच फरक पडला.

धूळ दाबायला कॅल्शियम क्लोराइड मारतात, पण ते हवेतला ओलावा ओढून काम करतं. मे महिन्यात आमच्याकडे ओलावा आहेच कुठे! शिवाय केळीला क्षार सोसत नाहीत.

साखर कारखान्याची मोलॅसिस (मळी) रस्त्यावर मारून कोणी पाहिलीय का? पाण्यात किती प्रमाणात मिसळायची, किती दिवस टिकते, आणि पहिल्या पावसात वाहून बागेत गेली तर?