पुढच्या पडझडीची धास्ती वाटणाऱ्यांनी गट कसा बांधावा?

कृष्णाकाठ:
सांगलीत नदीकडच्या गल्लीतली १२ घरं, माणसं साधारण ५०. आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्याची धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, २०२१ ला पुन्हा शहरात शिरलं. वीज, नळ, दुकानं सगळं एकदम बंद पडणं इथे नवं नाही. पुढे हे महिनोन्‌महिने चालेल असं काहींना मनापासून वाटतं, पण घरी बोललं की 'अभद्र बोलू नका' म्हणतात. एकमेकांना धीरही देईल आणि वेळेला उपयोगीही पडेल असा गट हवा आहे. सुरुवात कुठून करावी?

सावडकरी:
वहीपासून. घरटी एक पान: माणसं किती, रोजची औषधं कोणती, जिना कोणाला उतरवत नाही, वायरिंग, पंप, नर्सिंग कोणाला येतं. भाडेकरूंना वगळू नका. तळमजल्यावर कोणीही राहो, पाणी आधी तिथेच शिरतं.

बैठक महिन्यातून एकदा, दीड तास. पहिला अर्धा तास ज्याला जे वाटतं ते बोलू द्या, मध्ये सल्ला नको. मग तासभर हाताने करायचं एकच काम. नुसत्या बोलण्याने भीती वाढत जाते. आणि थेट कामालाच लागलात तर घाबरलेला माणूस गप्प बसतो, पुढच्या वेळी येतच नाही. तारीख नसलेले फॉरवर्ड गटात नकोत. कोणी 'जगून काय करायचं' म्हणू लागलं, तर शेजारी बसून टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ वर, फोन लावून द्या.

टीसीएलवाला:
पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज ४ लिटर धरा. ५० जणांना ७ दिवसांचे १४०० लिटर, म्हणजे गच्चीवर हजार लिटरच्या दोन टाक्या. स्वच्छ १००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळी तेवढी टाकीत ओता आणि अर्धा तास थांबा. ओटी टेस्टला, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते पाहायच्या चाचणीला, पिवळी छटा दिसली पाहिजे. दिसली नाही तर बहुधा पावडर उतरलेली असते: ताजीत क्लोरीन ३३ टक्के, पण पिशवी उघडी राहिली, दमट हवा लागली की तो उडून जातो. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन गाळातच खर्ची पडतो. आधी तुरटी फिरवून निवळू द्या.

पायली:
माणशी दिवसाला ४०० ग्रॅम धान्य, महिन्याला १२ किलो. ५० जणांचे ६ क्विंटल होतात, ते एका खोलीत कधीच ठेवू नका. उंदीर, ओल आणि संशय, तिन्ही तिथेच शिरतात. घरटी आपापला महिन्याचा जादा साठा, २०१९ च्या पुराच्या खुणेच्या वर. ज्वारी उन्हात वाळवली की दाणा दाताखाली कट्टकन फुटला पाहिजे. नुसता चेपला तर अजून ओल आहे. गरम दाणा लगेच पोत्यात भरू नका, आत घाम सुटतो आणि बुरशी धरते. रात्रभर पसरून गार करा. जुनं आधी खायचं, पोत्यावर खडूने महिना लिहायचा.

कृष्णाकाठ:
आणि सामाईक पैसा, किल्ल्या?

सावडकरी:
भिशीसारखं घरटी महिना १०० रुपये, १२ घरांचे वर्षाला १४,४०० जमतात. टाक्या, टीसीएल, टॉर्च एवढंच त्यातून. खर्चावर दोन घरांच्या सह्या, हिशेब दर बैठकीत मोठ्याने वाचायचा. गच्चीच्या किल्ल्या तीन, तीन वेगळ्या घरांत, आणि त्यातलं एक घर वरच्या मजल्यावरचं.