मदत हवी आहे : कुंडलिकेत कयाक उतरवायची आहे

नमस्कार मंडळी. कोलाडला राफ्टमधून कुंडलिका नदी बरीच पाहिली, आता स्वतः कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद छोटी होडी) घेऊन उतरायचंय. तिथले रॅपिड, म्हणजे खळाळत्या पाण्याचे टप्पे, दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचे. संथ पाण्यात माझा रोल (उलटलेली कयाक आत बसूनच सरळ करणं) पक्का आहे. अडतंय ते खडकाआडच्या एडीतून, म्हणजे तिथल्या उलट फिरणाऱ्या संथ पाण्यातून, परत प्रवाहात शिरताना. बोट प्रवाहाच्या दिशेला कलवायची, प्रवाह येतो त्या बाजूची कड उचललेली ठेवायची, हे ठाऊक आहे. पण वेग आणि कोन किती ठेवावा? लाटांच्या रांगेत हा अंदाज कसा बसवलात?

दुसरं, पाण्याचं. मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजगृहातून नदीत येतं, म्हणजे सगळा खेळ सकाळच्या विसर्गावर. विसर्ग ओसरायच्या आत खाली पोचायचं तर किती वाजता उतरावं? रविवारी पाणी सोडतात का, हे आधी कुणाला विचारायचं?

आणि सर्वांत महत्त्वाचं : एकटं उतरायचं नाही, हे ठरलेलं आहे. थ्रो-बॅग (पाण्यात पडलेल्याकडे फेकायची दोराची पिशवी) नीट टाकता येणारे, बचावाचा सराव असलेले कयाकर सोबतीला हवेत. पावसाळ्याच्या भरल्या पाण्यात मी जाणार नाही, दिवाळीनंतरच. पुणे-मुंबईहून कुणी येणार असेल तर कृपया कळवा. हेल्मेट, लाइफ जॅकेट, स्प्रे-स्कर्ट (कयाकमध्ये पाणी शिरू नये म्हणून कमरेभोवतीचं आवरण) माझं आहे.