कोजागिरीला गच्चीवर कोणता सिनेमा?

सावंत (सेक्रेटरी): मंडळी, कोजागिरीला गच्चीवर प्रोजेक्टर लावतोय. चंद्र दुधात पडेपर्यंत जागायचंच आहे, तर सिनेमा सुचवा. मागच्या वेळेसारखा अर्धा तास नुसता वाद नको.

ओंकार ए-४०३: ‘कलर आउट ऑफ स्पेस’! २०१९ चा, निकोलस केज. अंगणात उल्का पडते आणि सगळं शेत जांभळं होत जातं. अल्पाका पण आहेत.

सुनंदा काकू बी-१०१: अल्पाका म्हणजे काय रे?

ओंकार ए-४०३: उंटाच्या कुळातला लोकरवाला प्राणी, काकू. पुढे त्यांचं काय होतं ते सांगत नाही.

मृणाल बी-५०२: ओंकार, लहान मुलं असणार आहेत. त्यातल्या आईचं आणि धाकट्या मुलाचं जे होतं, ते बघून मोठ्यांनाही दूध जाणार नाही.

देशपांडे काका ए-२०१: अमेरिकन लेखक लव्हक्राफ्टची गोष्ट ना ही? १९२७ ची. मी कॉलेजात असताना वाचली होती. अहो, त्यात मुळातच म्हटलंय की उल्केतून आलेला हा रंग माणसाला ठाऊक असलेल्या कुठल्याच रंगात बसत नाही. मग पडद्यावर दाखवणार काय, कपाळ? या गोष्टी वाचायच्याच.

मृणाल बी-५०२: काका, पण याच प्रश्नावर चार जणांनी डोकं आपटून घेतलंय, आणि मजा तिथेच आहे. १९६५ मध्ये ‘डाय, मॉन्स्टर, डाय!’ आला. बोरिस कार्लॉफ, दिग्दर्शक डॅनियल हॅलर. हॅलर आधी भयपट काढणाऱ्या रॉजर कॉर्मनचा कलादिग्दर्शक, त्यामुळे वाडा, धुकं, तळघर सगळं झकास. पण रंग? सरळ किरणोत्सर्गी हिरवा. अणुबॉम्बच्या भीतीचे दिवस, लोकांना ते लगेच पटलं असेल, पण गोष्ट तिथे मेली. काय आहे ते कळलं की भीती कसली? १९८७ चा ‘द कर्स’ तर सोडूनच द्या, त्यात रंगाशी कुणाला देणंघेणंच नाही, नुसती सडकी फळं आणि किडे.
मग २०१० मध्ये हुआन वू या जर्मन दिग्दर्शकाने ‘दी फार्बे’ काढला. गोष्ट अमेरिकेतून उचलून जर्मनीतल्या खेड्यात नेली आणि अख्खा सिनेमा कृष्णधवल ठेवला. रंग फक्त त्या एका गोष्टीला. जगात दुसरा रंगच नाही म्हटल्यावर तो कोणता आहे हे विचारायचीही सोय उरत नाही! पैसा नव्हता, इफेक्ट्स कुठेकुठे कच्चे आहेत, तरी चारातला हाच माझा.

ओंकार ए-४०३: ताई, केजवाल्यातही डोकं आहे हं. त्यातला तो जांभळट-गुलाबी मॅजेंटा इंद्रधनुष्यात नाहीच. लाल आणि निळा प्रकाश एकत्र डोळ्यात गेला आणि हिरवा नसला की मेंदू तो रंग स्वतःच बनवतो. त्याला स्वतःची तरंगलांबीच नाही. आम्हाला फिजिक्सच्या सरांनी सांगितलेलं.

मृणाल बी-५०२: हे मात्र बरोबर. निवड हुशार आहे. पण दुसऱ्या अर्ध्या भागात तोच रंग इतका ओततात की लग्नाच्या हॉलचं लायटिंग वाटायला लागतं.

सुनंदा काकू बी-१०१: त्या गोष्टीत रंग विहिरीत उतरतो म्हणालीस ना मागे? आमच्या बी विंगला परवा नळाला पिवळं पाणी आलं, त्याचं काय ते आधी बघा सावंत.

सावंत (सेक्रेटरी): काकू, प्लंबरला सांगितलंय. विषय सिनेमाचा आहे.

देशपांडे काका ए-२०१: माझा मुद्दा राहिलाच. १९५७ चा ‘नाइट ऑफ द डीमन’ घ्या. एम. आर. जेम्सच्या कथेवरचा. दिग्दर्शक झाक टूर्नरला राक्षस दाखवायचा नव्हता. निर्मात्याने हट्टाने घुसवला, तोही सुरुवातीलाच. पुढचा तासभर तो नुसता कुजबुजीवर, वाऱ्यावर घाबरवतोय आणि आपण मात्र त्या रबरी थोबाडाची वाट बघत बसतो.

मृणाल बी-५०२: मला तो राक्षस आवडतो 🙈 धुरातून येताना तरी. जवळून दाखवला नसता तर चाललं असतं.

वैशाली ए-३०४: एवढं लांब कशाला जायचं? ‘तुंबाड’ लावा. आपल्या नारायण धारपांच्या ‘आजी’वरून सुचलेला. पाऊस तर असा की बघतानाच अंगाला ओल लागते.

देशपांडे काका ए-२०१: वैशाली, ‘आजी’सुद्धा स्टीफन किंगच्या ‘ग्रॅमा’वर बेतलेली. आणि किंगची ती म्हातारी ज्याला बोलावते तो हस्तुर लव्हक्राफ्टने चेंबर्सच्या १८९५ च्या पुस्तकातून घेतला, चेंबर्सने अँब्रोस बीयर्सकडून. बीयर्सकडे तो मेंढपाळांचा भला देव होता! कोकणात पोचेपर्यंत ‘तुंबाड’मधला हस्तर झाला आणि पिठाला हपापला. यात मी धारपांना कमी लेखत नाही. उसनं आणलेलं इथल्या माजघरात बसवणं सोपं नाही, लेखकालाही आणि दिग्दर्शक राही अनिल बर्वेंनाही.

मृणाल बी-५०२: काका, हे मात्र शंभर टक्के. ‘तुंबाड’मध्ये सगळं दिसतं, हस्तर अगदी तोंडावर येतो, तरी भीती जात नाही. कारण खरी भीती त्या माणसाच्या हावेची आहे, हस्तर पूर्ण दिसला म्हणून ती कमी होत नाही. लव्हक्राफ्टकडे माणसाची हाव-बिव कुणी विचारतच नाही. विश्वाला आपली दखलच नाही, एवढंच. आणि ते ‘दखल नसणं’ कॅमेऱ्यात कसं पकडणार?

सावंत (सेक्रेटरी): चर्चा उत्तम. पण ‘तुंबाड’ला ए सर्टिफिकेट आहे, मुलं असताना नाही लावता येणार. आणि १० नंतर स्पीकर बंद, हे लक्षात असू द्या.

मृणाल बी-५०२: मग मूकपट लावा! ‘द कॉल ऑफ कथुलू’, २००५ चा. लव्हक्राफ्टची कथा १९२८ ची, म्हणून सिनेमाही त्याच काळात निघाला असता तसा केलाय. कृष्णधवल, मधे पाट्या, फक्त ४७ मिनिटं. लव्हक्राफ्टच्या चाहत्यांच्या संस्थेने स्वतःच काढलाय. तो अवाढव्य देव कथुलू म्हणजे एकेक फ्रेम हलवलेली बाहुली आहे. पण जुन्या फिल्मचा तो थरथराट असला की आपलं मन स्वतःहून गाळलेल्या जागा भरतं.

ओंकार ए-४०३: मूकपट?? 😭

देशपांडे काका ए-२०१: मला चालेल. पाट्या इंग्रजीत असतील ना? मी मराठीत वाचून दाखवतो. माइकशिवाय.

सुनंदा काकू बी-१०१: भाऊजी, तुमचा आवाज १० नंतर स्पीकरमध्ये धरायचा की नाही?

सावंत (सेक्रेटरी): ठरलं. मूकपट साडेनऊला. संगीत बारीक ठेवू. ओंकार, केजचा तू दिवाळीच्या सुट्टीत घरी बघ.

ओंकार ए-४०३: घरी आई बघू देत नाही म्हणून तर इथे सुचवला 😐

वैशाली ए-३०४: वाचला हं मी मेसेज, ओंकार.

सावंत (सेक्रेटरी): एक्स्टेन्शन बोर्ड कोणाकडे आहे? लांब वायरचा हवा. आणि दुधाचे पैसे उद्यापर्यंत द्या.